साऱ्या गल्लीचे कूलर

मागच्या आठवड्यात माझी नात पुण्याहून फोनवर बोलत होती. तिच्या कचेरीत कुणीतरी एक खेळ काढला होता म्हणे. पैशाचा प्रश्नच नसता तर तुम्ही तुमचे दिवस कसे घालवाल, ते एकेकाने सांगायचं. सगळी यंत्रवेडी पोरं. कुणी म्हणालं रोबो बनवीन, कुणी म्हणालं घरातला एकेक दिवा नुसत्या आवाजावर चालेल असं करीन. "आजी, तू काय केलं असतंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, अवं, माझं ते करून झालं, एका मे महिन्यात, अन् पुन्हा कोणी म्हटलं तर मी उंबऱ्यावरूनच हात जोडीन. ती हसली. म्हातारी फेकते आहे असं तिला वाटलं. म्हातारी फेकते हे खरं आहे, पण त्या दिवशी फेकत नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःला भारी शास्त्रज्ञ समजत असे. येत काय होतं, तर बाबांचा ट्रान्झिस्टर उघडणं. तो पुन्हा बंदही व्हायचा, फक्त दरवेळी एखादा स्क्रू उरायचा आणि तो मी गुपचूप आईच्या बटणांच्या डब्यात टाकायची. बाबा तार ऑफिसात होते. घरी आल्यावरही त्यांची बोटं ताटाच्या काठावर कट्ट-कडकट्ट वाजत राहायची, आणि यंत्राचं खूळ मला तिथूनच लागलं असं आई म्हणायची. म्हणजे दोष सासरच्या रक्ताचा. माझ्याकडे एक जुना काट्याचा मीटर होता, वीज मोजायचा, बाबांनी कुठूनसा आणून दिलेला. बाकीच्या पोरींच्या पर्समध्ये आरसा असे, माझ्या पिशवीत तो मीटर. बघायला आलेल्या एका मुलाच्या घरच्यांसमोर चहाच्या ट्रेबरोबर मी तोही चुकून बाहेर नेला होता. ती मंडळी पुन्हा आली नाहीत. आणि दिवसातून दहा वेळा माझं एकच पालुपद: पैसे असते ना, तर मी दाखवलं असतं. नागपूरच्या सदर बाजारातल्या विजेच्या सामानाच्या दुकानांसमोर मी अशी उभी राहायची, जशा बाकीच्या पोरी साड्यांच्या दुकानासमोर उभ्या राहतात. माझा सगळा दिवस आखलेला होता. सकाळी यंत्रं खोलायची, दुपारी जोडायची, संध्याकाळी जगभरचं ऐकत बसायचं. स्वयंपाक त्या दिवसात कुठेच नव्हता. जेवण मात्र होतं. ते कोण करणार होतं, हा प्रश्न त्या शास्त्रज्ञ बाईंना पडला नव्हता.

आमचं घर जुन्या शुक्रवारीतल्या एका अरुंद गल्लीत. समोरासमोर घरं, मधे एवढी जागा की दोन सायकलवाले आले तर एकाने उतरावं. नागपूरचा मे म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लागत. बाहेर जाणाऱ्याच्या खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. घरात कैरीचं पन्हं, आंबील, दुपारी आंब्याचा रस आणि सरगुंडे, आणि आईच्या हातचं चिंचेचं सार, जे मी आजही करते पण तसं होत नाही. एप्रिलमध्ये प्रत्येक घराचा कूलर माळ्यावरून खाली यायचा. बाप्ये टाकीला रंग लावायचे, बाया वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, आणि पहिल्यांदा पंखा फिरला की वाळ्याचा तो ओला वास घरभर जायचा. दुपारी साऱ्या गल्लीचे कूलर एकदम चालू. पंख्यांची घरघर, पाण्याची ठिबक ठिबक, कुणाच्या तरी टाकीचा पत्रा थडथडतोय. तो आवाज दोन महिने कानात असा बसायचा की तो आहे हेच विसरायला व्हायचं. दुपारी गल्लीत एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे.

अशा त्या मे महिन्यात माझी मोठी बहीण, सुमनताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिलेली तारीख जूनच्या शेवटाची. आई डिंकाचे लाडू आत्ता करावे की नंतर अशा विचारात असतानाच ताईच्या पोटात दुखायला लागलं आणि आठव्याच महिन्यात तिला मुलगा झाला. आमच्याकडे बायका म्हणतात, सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही. हे आईने तोंडाने म्हटलं नाही. पण ताई आणि मी, आमच्या दोघींच्या मधे आईला एक अठमाशी मुलगा झाला होता, आणि तो राहिला नव्हता, हे आम्हाला बाबांच्या बहिणीकडून ठाऊक होतं. आईकडून कधीच नाही. बाळाला पाहून आईने पदर तोंडाला लावला आणि पाणी तापवायला निघून गेली. सोललेल्या संत्र्याच्या फोडीसारखं ते दिसत होतं. वरून पातळ साल, आतलं सगळं दिसणारं. धरावं कुठून ते कळेना.

दवाखाना लहान. एका खोलीत सहा बाया, वर एकच पंखा, आणि दिवसातून चार वेळा लाईन जाणार. डॉक्टर भले होते. काही दिवसांनी त्यांनीच सांगितलं, इथल्यापेक्षा घरी न्या, इथे गर्दी आहे, आणि हे बाळ गर्दीत टिकणारं नाही. दूध थोडं थोडं द्या. खोली तापू देऊ नका, पण कूलरची ओली हवाही अंगावर नको. एवढं बाळ तापलं तर, असं म्हणून ते थांबले आणि हात धुवायला वळले. मी विचारणार होते, बाबांनी माझा दंड धरला.

घरी मधली खोली ताईची झाली. आता आईचं राज्य सुरू. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, दार लोटलेलं, आणि सोयर असल्यामुळे बारशापर्यंत बाहेरच्या माणसाची सावलीसुद्धा त्या खोलीत पडायची नाही. डॉक्टरांनी कूलर नको म्हटल्यावर आईला फार बरं वाटलं. आपलं आणि डॉक्टरचं एकमत झालं असं तिने धरलं. खोली तापू देऊ नका हे मात्र तिने ऐकलंच नव्हतं. शेगडी मी तिसऱ्यांदा बाहेर नेऊन ठेवली तेव्हा आईने माझ्याशी बोलणं सोडलं. पण शेगडी गेली तरी खोली तापायची ती तापायचीच. वर सिमेंटचे पत्रे, पश्चिमेची भिंत. दुपारी भिंतीला हात लावला तर तवा. ताई घामाने निथळत त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि बोंडल्याने एकेक थेंब दूध त्याच्या ओठात सोडायची. चांदीचं होतं ते बोंडलं, आम्ही दोघीही त्यानेच प्यायलेल्या. सकाळी तो थोडं घ्यायचा. दुपार झाली की त्याचं अंग चटके लागावं असं व्हायचं, डोळे आत जायचे, टाळूचा खड्डा दिसायला लागायचा, आणि तोंडात सोडलेलं दूध ओठाच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर यायचं. मग आई ओल्या फडक्याने त्याचे तळवे पुसत बसायची. संध्याकाळी तो थोडा सावरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपार यायची. प्रत्येक दुपार त्याच्यातून काहीतरी काढून नेत होती, आणि सकाळ तेवढं भरून देत नव्हती. नवतपा, मे संपतानाचे ते सगळ्यात कडक नऊ दिवस, तर अजून लागायचाच होता.

या सगळ्यात काटोलहून ताईचे सासरे आले. संत्र्याचे व्यापारी, मोठा माणूस, पांढरं धोतर, हातात तुपाचा डबा. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. सोयर म्हणून ते दारातच थांबले. दार थोडं उघडून आईने बाळ लांबून दाखवलं. तो माणूस बाजारात नुसत्या नजरेने गाडीभर माल जोखणारा. त्याने नातवाला एकदा पाहिलं आणि तो खाली बसला. मग बाबांना म्हणाला, "पैशाले पाहू नका गुरुजी. काय लागते ते आना. पोरगं पाहा फक्त." बाबा गुरुजी नव्हते, पण भाऊसाहेब चष्मेवाल्या प्रत्येकाला गुरुजी म्हणत.

बाबा काही बोलायच्या आत मी बोलले. मी म्हणाले, एसी पाहिजे. ओली हवा नाही, कोरडी गार हवा, पाहिजे तेवढीच, खटका फिरवला की झालं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर त्यांना मी दिसलेच नव्हते. त्यांनी विचारलं, तुले समजते का त्यातलं? आणि माझ्या त्या वयातल्या उत्तरावर मला आजही घरात एकटी असताना हसू येतं. मी म्हणाले, मला सगळंच समजतं.

आता खोटं कशाला सांगू. आत माझ्या बहिणीचं लेकरू सुकत होतं, आणि मी भाऊसाहेबांबरोबर टांग्यात बसून सदरला निघाले तेव्हा मला गुदगुल्या होत होत्या. ज्या काचेबाहेर मी वर्षानुवर्षं उभी होते त्या काचेच्या आत मी खुर्चीवर बसले होते, पंखा माझ्यावर फिरत होता, आणि दुकानदार मला ताई म्हणत होता. भाऊसाहेब नुसते बसून होते. मी बोट दाखवायची, ते मान हलवायचे. खिडकीत बसवायचा एसी. त्याच्यासोबत स्टॅबिलायझर, कारण वीज कमी-जास्त होते हे मला ठाऊक होतं, मीटरवाली होते ना मी. भिंतीवर लावायचा तापमापक, तोही चांगला. जाड वायर. मग सहज म्हणून एक चांगला टेस्टर, जो बाळासाठी नव्हता. भाऊसाहेबांनी त्यालाही मान हलवली. परत येताना सामान हातगाडीवर, आम्ही टांग्यात, आणि मी सारखी मागे वळून हातगाडी येते की नाही ते पाहत होते, नवरी जशी रुखवत पाहते तशी.

दुकानातून आलेल्या मिस्त्रीने ताईच्या खोलीची खिडकी काढून एसी बसवला. आईने त्या दिवशी कपाळाला हात लावला, कारण मिस्त्रीची सावली खोलीत पडलीच. ताई आणि बाळ तेवढा वेळ स्वयंपाकघरात. गल्लीतली मंडळी आपापल्या ओट्यांवर उभी राहून पाहत होती, आमच्या गल्लीत एसी पहिलाच. भर दुपारी, सगळे कूलर घरघरत असताना, मी खटका दाबला. यंत्राने घुंऽ केलं. पुन्हा घुंऽ केलं. आत काहीतरी उठायचा प्रयत्न करत होतं आणि उठू शकत नव्हतं. स्टॅबिलायझर खट्, खट् असा वाजत राहिला. मी मीटर लावला, काटा दोनशे तीसवर हवा, तो एकशे सत्तरच्याही खाली. आणि मग मला बाहेरचा आवाज कळला. साऱ्या गल्लीचे कूलर मंदावले होते. ती घरघर बसत चाललेल्या गळ्यासारखी खाली खाली गेली, कोपऱ्यावरच्या डीपीत, गल्लीला वीज वाटणाऱ्या पेटीत, मोठा आवाज झाला, आणि सगळंच बंद पडलं.

लाइनमन तिसऱ्या प्रहरी आला. त्याने तार जोडली आणि आमच्या दारात येऊन एसीकडे पाहिलं. त्याचं बोलणं मी इथे देत नाही. थोडक्यात असं, की हत्ती घेतला, पण गोठा शेळीचा आहे. मी त्याला म्हणाले, स्टॅबिलायझर आहे ना. तो म्हणाला, "बाई, ते भांडं हाय. त्यात पानी तं वरून याले पाहिजे ना." मला हे कळायला हवं होतं. पुस्तकात होतं, पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. एका गल्लीला एकच तार येते आणि दुपारी साऱ्या घरांचे कूलर ती तार चोखून कोरडी करतात, हे मात्र पुस्तकात नव्हतं. पैसे असते तर काय काय घेईन त्यात मी सगळं धरलं होतं. शेजारी धरले नव्हते.

तो एसी रात्री चालायचा, गल्लीतले कूलर थोडे कमी झाले की. रात्री त्याची गरज नव्हती. दुपारी, गरज असायची तेव्हा, तो घुंऽ करायचा आणि बसायचा. दुपार मावळेपर्यंत मी मीटर धरून खाटेशी बसायची. काटा वर येईल, आत्ता येईल. भाऊसाहेबांनी वीज कचेरीत जाऊन सांगितलं, कुठे काय द्यायचं तेही विचारलं. उत्तर आलं की नवी डीपी पावसाळ्यानंतर. त्यांनी दुसरं मोठं घर भाड्याने घेऊ म्हटलं, पण डॉक्टर म्हणाले उन्हात बाळ हलवायचं नाही. त्या माणसाच्या हातात पैसा होता आणि तो हात रिकामा असल्यासारखा तो ओट्यावर बसून राहायचा. एका दुपारी बाळाने डोळे उघडलेच नाहीत. ताईने त्याच्या तळपायाला टिचकी मारली, पुन्हा मारली, तेव्हा नुसतं तोंड वाकडं झालं. आवाज आला नाही. ताई माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "कुंदा, तुले काही येत असन तं कर वं. नसन येत तं तसं सांग. मी वाट पाहत बसनार नाही मग." मी मीटर खाली ठेवला.

त्या संध्याकाळी मी घरोघरी गेले. मागणं असं होतं: उद्यापासून, दुपारी जेवणं झाल्यापासून ऊन कलेपर्यंत, तुमचा कूलर बंद ठेवा. नागपुरात, मे महिन्यात. मद्रासेत जाऊन भात खाऊ नका म्हणावं तसं ते. भाऊसाहेब म्हणत होते की प्रत्येक घराला काही देऊ, तू नुसतं बोल. पहिल्याच घरी मी तसं बोलले. त्या घरची म्हातारी म्हणाली, तुझ्या बहिणीच्या डोहाळजेवणाला मी चोळी दिली होती, तिचे पण पैसे लावू का? तो विषय मी पुन्हा काढला नाही. कुणी लगेच हो म्हणालं. कुणी म्हणालं पाहू. एकाने एसी घ्यायच्या आधी विचारायचं होतं म्हणून मला चांगलं सुनावलं आणि शेवटी हो म्हणाला. एक काका उठून कूलरची पिन काढून आले आणि ती हातात घेऊनच माझ्याशी बोलत बसले.

राहिलं शेवटचं घर, बोरकरांचं. त्यांच्याकडे मोठा कूलर, दोन पंख्यांचा, गल्लीत सगळ्यात जास्त वीज ओढणारा. बोरकरकाकूंचे सासरे लकव्याने अंथरुणाला खिळलेले. बोलणं गेलेलं, एक बाजू गेलेली. उन्हाळ्यात पाठीला जखमा व्हायच्या, घाम आला की चिघळायच्या. काकू एकट्या त्यांचं करायच्या, नवरा फिरतीवर. मी दारात उभी राहून माझं पाठ झालेलं म्हणून टाकलं. काकूंनी ते पुरं ऐकलं. मग म्हणाल्या, "तुमचं लेकरू लेकरू, अन् आमचा म्हातारा काय भंगार हाय?"

मी म्हणाले, तसं नाही काकू.

"मंग कसं हाय? सांग ना. तू तं शिकलेली हाय. तो दुपारी विना कूलरचा पडला तं दोन दिवसांत त्याची पाठ जाईन. मले माहीत हाय, मी रोज पाहतो ते. तुह्या बहिणीचं पोर जगावं असं मले नाही वाटत का? मलेही वाटते. पण कोणाले मारू तू सांग."

आतून म्हाताऱ्याच्या घशाची घरघर येत होती. त्यांना ऐकू येत होतं, हे मला तेव्हा कळलं. आज मी त्यांच्या वयाची आहे आणि पलीकडच्या खोलीतलं सगळं मला ऐकू येतं. तरुण माणसं दारात उभी राहून काय काय बोलतात.

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि आईला सांगितलं. आई त्या दिवसांत माझ्याशी बोलत नव्हती, शेगडीपासून. मी भिंतीला सांगावं तसं सांगत गेले. बोरकरांचा कूलर बंद झाल्याशिवाय काटा चढणार नाही. म्हातारा आहे. काकू बरोबर बोलतात. आपल्याकडे गार होणारी एकच खोली आहे. एवढं बोलून मी गप्प झाले, कारण पुढचं मला सुचलं होतं पण ते आईसमोर तोंडातून काढायची माझी हिंमत नव्हती. बाळंतिणीची खोली, सोयर चालू, अठमाशी पोर, आणि त्यात परक्या घरचा, मरणाला टेकलेला म्हातारा. असं कुणी ऐकलंही नसेल. आई भाकर थापत होती. तिने ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटवली, शेकली, फुगली. खाली काढली. दुसरा गोळा तिने घेतलाच नाही.

"त्या वेळेस सारं पाळलं होतं वं मी," ती म्हणाली. "सारं. बुवानं सांगितलं ते, तुह्या आजीनं सांगितलं ते. कोनाची सावली नाही पडू देल्ली." मग पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली. "चाल. बोरकरीनबाईले मीच सांगतो. तू बोलशीन तं पुन्हा काही शिकवशीन तिले."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर गल्लीतल्या चौघांनी बोरकरांच्या म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून आमच्याकडे आणलं. खाट दारातून आत जाईना. तिरपी केली तर म्हातारा घसरेल. शेवटी त्यांना गोधडीत उचलून आत घेतलं आणि खाट उभी करून मागून नेली. आईने खोलीच्या मधोमध दोरी बांधून तिच्या दोन जुन्या लुगड्यांचा पडदा सोडला होता. एका बाजूला ताई आणि बाळ, दुसऱ्या बाजूला म्हातारा आणि त्यांच्या पायाशी आई. काकूंना आईने आत बोलावलं, पण त्या म्हणाल्या, आत आधीच माणसं लई झाली, खोली गार कशी होईल. त्या बाहेरच ओट्यावर बसल्या. भाऊसाहेब रस्त्याच्या कडेला, डोक्यावर ओला पंचा घेऊन.

मग कूलर बंद होऊ लागले. आधी आमच्या समोरचा. मग त्याच्या पलीकडचा. एकेक घरघर गळत गेली. पत्रा थडथडायचा तो थांबला. कुणाच्या टाकीतलं पाणी थोडा वेळ ठिबकत राहिलं, तेही संपलं. सगळ्यात शेवटी बोरकरांचे ते दोन पंखे, काकू उठून आत गेल्या आणि ते बंद करून आल्या. गल्लीतला उन्हाळा पहिल्यांदा ऐकू आला असं मला झालं. कुठेतरी कावळा. दूरच्या रस्त्यावर सायकलची घंटी. घरात बसवेना म्हणून माणसं बाहेर आली. पण बाहेर सावली होती ती कडुनिंबाची, टीचभर. बाया, म्हातारे, पोरं, सगळी तिच्यात दाटीवाटीने. हातात सुपं, पंखे, वह्यांचे पुठ्ठे. ज्या काकांनी पिन काढली होती, त्यांच्या कपाळावरचा घाम भुवईवरून थेट मांडीवर पडत होता आणि ते तो पुसत नव्हते.

मी खटका दाबला. घुंऽ झालं. काटा खाली आला, थरथरला, आणि थांबला. मग ते यंत्र उठलं. मी ओट्याच्या टोकाला येऊन ताईच्या खोलीच्या भिंतीला कान लावून बसले, कारण आत आणखी एका माणसाची गरमी नको. पैशाची फिकीर नसलेली, सदरमधून काय वाटेल ते आणू शकणारी मी, नागपूरच्या भर उन्हात एका तापलेल्या भिंतीला कान लावून बसले होते आणि श्वास त्या आवाजाच्या मापाने घेत होते. कान भाजला. दुसरा लावला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आणि मग यंत्र थांबलं.

मी मीटर आतच विसरले होते. खोली पुरेशी गार झाली की ते आपोआप थांबतं. विजेचा दाब उतरला तरीही ते थांबतं. बाहेरून दोन्हींचा आवाज एकच. मी उठले नाही. उठून पाहिलं आणि काटा खाली असला, तर आता मागायला गल्लीत काही उरलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. हातांतले पंखे थांबले. भाऊसाहेबांनी डोक्यावरचा पंचा काढला.

त्या शांततेत बाळ रडलं. कुरकुर नाही. घसा फाडून, चिडून, भूक लागलेल्या माणसासारखं रडलं. कूलर चालू असते तर ते आमच्याच घरातल्या पुढच्या खोलीतही आलं नसतं. आता ते गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेलं. झाडाखालची सगळी माणसं मान वर करून ऐकत राहिली, आणि मी भिंतीला टेकून तशीच, तोंड उघडं टाकून.

बोरकरकाकूंनी पदराने गळ्याचा घाम पुसला. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "दूध द्या म्हना त्याले. आयकून काय राहिल्या नुसत्या."